एक पाऊल मागे

अण्णांना अमेरिकन फुटबॉल कळायला दोन रविवार लागले. मला त्याआधी चार वर्षं लागली होती, आणि तरी मी चुकीच्या बाजूला बघत होते हे त्या दोन रविवारी लक्षात आलं.

२००८ च्या डिसेंबरात आई-अण्णा माझ्या बाळंतपणासाठी पिट्सबर्गला आले. आईला दिवस पुरत नव्हता. अळिवाची खीर, डिंकाचे लाडू, बाळाचं तेल लावणं, न्हाऊ घालणं. अण्णांना मात्र काहीच काम नव्हतं. सांगलीजवळच्या एका शाळेत क्रीडाशिक्षक म्हणून तीसेक वर्षं मैदानावर काढलेला माणूस. पहाटे पाचला उठायचे, अंघोळ करून तयार व्हायचे आणि खिडकीशी उभं राहून बर्फ बघत बसायचे. एका दुपारी माझा नवरा त्यांना गाडीतून शहराच्या टोकाला घेऊन गेला. तिथं अ‍ॅलेगेनी आणि मोनोंगाहेला या दोन नद्या मिळतात आणि पुढं ओहायो होऊन वाहतात. घरी आल्यावर मफलर सोडत अण्णा म्हणाले, "हरिपूरच की. फक्त संगमेश्वराचं देऊळ तेवढं नाही." मग थोडं थांबून, "पलीकडच्या काठाला पिवळ्या खुर्च्यांचं एवढं मोठं मैदान आहे, ते कशाचं गं?"

ते मैदान स्टीलर्सचं, पिट्सबर्गच्या फुटबॉल संघाचं. त्या वर्षी आमचा संघ प्लेऑफमध्ये, म्हणजे हंगामाअखेरच्या बाद फेरीत, होता. ११ जानेवारीच्या रविवारी सॅन डिएगोशी सामना, १८ तारखेच्या रविवारी बाल्टिमोरशी. मी मांडीवर बाळ घेऊन बसायचे आणि अण्णा शेजारच्या खुर्चीत, पाठ ताठ ठेवून, शाळेच्या सामन्याला बसायचे तसे.

पहिल्या रविवारी ते फारसं बोलले नाहीत. मी नियम सांगत होते: चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढं जायचं, क्वार्टरबॅक म्हणजे चेंडू फेकणारा, वगैरे. ते मान हलवत होते, पण त्यांचं लक्ष चेंडूवर नव्हतंच. ज्यांच्याकडे चेंडू नाही, त्या अकरा जणांकडे होतं. लहानपणी कबड्डीच्या सामन्याला मला शेजारी बसवून ते सांगायचे, "चढाई करणारा काय करतो ते सगळं गाव बघतंय. तू उरलेल्या सात जणांचे पाय बघ." इथंही ते पायच बघत होते. दुसऱ्या रविवारी, बाल्टिमोरच्या सामन्यात शेवटी शेवटी ट्रॉय पोलमालूनं समोरच्या पोराचा चेंडू मधल्यामध्ये पकडला आणि चाळीस यार्ड पळत जाऊन सामना संपवला, तेव्हा घरात आरडाओरडा झाला, बाळ दचकून उठलं. अण्णा मात्र विचारत होते, "ह्यांचा बचाव बसवतो कोण?"

कॅमेरा अधूनमधून मैदानाच्या कडेला उभ्या असलेल्या एका पांढऱ्या केसांच्या माणसावर जायचा. मी म्हटलं, "हे. डिक लबो."

"वय काय?"

"एकाहत्तर."

अण्णा तेव्हा चौसष्टचे होते. निवृत्त होऊन सहा वर्षं झालेली. ते पुढं वाकले आणि त्या चेहऱ्याकडे नीट बघितलं. त्या दिवसापासून घरात डिक लबोंचं नाव "लबो सर" पडलं.

आज इतक्या वर्षांनी लबो सरांबद्दल लिहायला बसलेय, कारण त्या हिवाळ्यात मी अण्णांना त्यांची गोष्ट तुकड्या-तुकड्यांनी सांगितली होती, आणि सांगता सांगता मला अण्णांची गोष्ट पहिल्यांदा नीट ऐकू आली होती.

ओहायो राज्यातल्या लंडन नावाच्या छोट्या गावात १९३७ साली लबोंचा जन्म झाला. ओहायो स्टेट विद्यापीठाकडून खेळले, १९५७ च्या राष्ट्रीय विजेत्या संघात होते. १९५९ मध्ये क्लीव्हलँड ब्राउन्सनं त्यांना निवडलं आणि हंगाम सुरू व्हायच्या आधीच सरावशिबिरातून घरी पाठवलं. ब्राउन्सचे सर्वेसर्वा तेव्हा पॉल ब्राउन. संघाचं नावच त्यांच्या नावावरून पडलेलं. लबो तिथून डेट्रॉइट लायन्सकडे गेले आणि चौदा हंगाम तिथंच राहिले. कॉर्नरबॅक ही त्यांची जागा. म्हणजे समोरच्या संघाचा सगळ्यात वेगवान झेलकरी ज्याच्या वाट्याला येतो तो, उघड्या मैदानात, एकटा. त्या जागेवर सलग १७१ सामने खेळले आणि प्रतिस्पर्ध्यांचे ६२ पास मधल्यामध्ये पकडले. १९७२ मध्ये खेळणं थांबवलं तेव्हा सगळ्या लीगच्या इतिहासात त्यांच्या पुढं दोनच माणसं होती.

दुसऱ्या वर्षी ते प्रशिक्षक झाले. पहिल्यांदा फिलाडेल्फिया, मग ग्रीन बे, मग १९८० मध्ये सिनसिनाटी बेंगल्स. आणि बेंगल्सचा कारभार बघत कोण होतं, तर तेच पॉल ब्राउन, ज्यांनी एकवीस वर्षांपूर्वी या मुलाला घरी पाठवलं होतं. हे अण्णांना सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "मग दोघांच्यात बोलणं व्हायचं का?" मला उत्तर देता आलं नाही. पण लबो तिथं बारा वर्षं टिकले, एवढं खरं.

आता ज्या गोष्टीसाठी त्यांचं नाव घेतलं जातं ती सांगते. फुटबॉल न बघणाऱ्यांनीही दोन मिनिटं सोसावं, कारण कबड्डी बघितलेल्या माणसाला ती सहज कळते.

क्वार्टरबॅकला चेंडू फेकायला दोन-अडीच सेकंद मिळतात. बचावाकडे तीन-चार दांडगे खेळाडू पुढच्या रांगेत असतात, ते त्याच्यावर धावून जातात. बाकीचे मागं राहून पास अडवतात. कधी कधी बचाव जास्तीची माणसं अंगावर सोडतो. त्याला ब्लिट्झ म्हणतात. पण जास्तीचा माणूस पुढं गेला की त्याची जागा रिकामी पडते. हुशार क्वार्टरबॅक तेवढंच बघतो. माणूस जिथून निघाला तिथंच चेंडू टाकायचा. १९८० च्या सुमारास सॅन फ्रान्सिस्कोच्या बिल वॉल्श यांनी छोट्या, झटपट पासांचं जे शास्त्र बसवलं, त्यात ब्लिट्झ करणाऱ्या संघाचं दर वेळी नुकसान होऊ लागलं. या शास्त्राचं मूळ खुद्द सिनसिनाटीत. वॉल्श आधी तिथं पॉल ब्राउन यांच्याच हाताखाली होते. म्हणजे रोगही त्याच घरातला आणि त्यावरचं औषधही पुढं त्याच घरात निघालं.

१९८४ मध्ये लबो बेंगल्सच्या बचावाचे प्रमुख झाले. त्या सुमारास ते लुइझियानाला बिल आर्न्सपार्गर यांना भेटायला गेले. मायामी डॉल्फिन्सचा बचाव ज्यांनी घडवला ते हे गृहस्थ तेव्हा तिथल्या विद्यापीठात होते. त्यांच्या बोलण्यातला एक शब्द लबोंनी उचलला: सेफ प्रेशर. अंगावर जायचं, पण घर उघडं टाकून नाही. परतीच्या विमानात त्यांनी कागदी रुमालांवर आकृत्या काढल्या असं सांगतात. त्यातून जे निघालं त्याला पुढं झोन ब्लिट्झ नाव पडलं.

त्यातली मेख अशी. पाच माणसं अंगावर जातातच, पण नेहमीची नाहीत. पुढच्या रांगेमागं उभा असलेला कडेचा लाइनबॅकर किंवा अगदी मागं राखण करणारा सेफ्टी अचानक पुढं घुसतो, आणि पुढच्या रांगेतला एखादा सव्वाशे किलोचा गडी, ज्याचं आयुष्य समोरच्याला ढकलण्यात गेलं, तो एक पाऊल पुढं टाकल्यासारखं करतो आणि मागं सरकतो. नेमका त्या रिकाम्या जागेत. क्वार्टरबॅकला दिसतं की लाइनबॅकर निघाला, म्हणजे इथं पोकळी. तो न बघता तिथं चेंडू सोडतो, आणि तिथं तो गडी उभा असतो. पाच पुढं, तीन मधे, तीन अगदी मागं. अकराच्या अकरा हिशेबात. सिनसिनाटीत डेव्हिड फुल्चर नावाचा धिप्पाड सेफ्टी होता. त्याला कुठूनही पुढं सोडता यायचं, म्हणून हे जमत गेलं.

मी हे टेबलावर डाळीचे आणि शेंगदाण्याचे दाणे मांडून अण्णांना दाखवत होते. पाचवा दाणा हलवण्याआधीच ते म्हणाले, "हूल."

तेच. आपल्याकडे कोपरारक्षक एक पाऊल मागं घेतो, भ्याल्यासारखा. चढाईवाल्याला वाटतं जागा मिळाली. तो आत येतो, त्याचा पाय पुढं पडतो, आणि घोटा हातात सापडतो. ते मागं घेतलेलं पाऊल शिकवायला सगळ्यात अवघड असतं, असं अण्णा म्हणाले. पोरं पुढं धावायला एका दिवसात शिकतात. मागं सरकायला सांगितलं की त्यांना लाज वाटते.

जानेवारी १९८९. बेंगल्स सुपर बोलमध्ये, म्हणजे लीगच्या अंतिम सामन्यात, समोर वॉल्शचा सॅन फ्रान्सिस्को. मी ही फीत कितीदा तरी बघितली आहे. पहिल्याच भागात लबोंच्या बचावाचा मधला खांब, टिम क्रमरी, पाय मोडून बाहेर गेला. तरी शेवटच्या पंधरा मिनिटांना सुरुवात झाली तेव्हा बेंगल्स १३-६ नं पुढं होते. सॅन फ्रान्सिस्कोचा क्वार्टरबॅक जो मोंटाना, त्याचा पास लुइस बिलप्स या बेंगल्सच्या कॉर्नरबॅकच्या अगदी हातात आला आणि सुटला. पुढच्याच चेंडूवर जेरी राइसनं टचडाउन केलं, म्हणजे चेंडू शेवटच्या रेषेपलीकडे नेला. स्वतः ६२ पास पकडलेला माणूस कडेला उभा राहून हे बघत होता. शेवटी बेंगल्स १६-१३ नं पुढं, तीन मिनिटं राहिलेली, आणि मोंटानाला ९२ यार्ड जायचंय. तो गेला. ३४ सेकंद राहिले असताना जॉन टेलरनं चेंडू झेलला, २०-१६. राइसला सामनावीर केलं. एकट्यानं २१५ यार्ड कमावले होते.

त्यानंतरची वर्षं मला जास्त मोलाची वाटतात, आणि त्यांच्याबद्दल फार कमी बोललं जातं. १९९१ च्या हंगामानंतर सिनसिनाटीतला सगळा प्रशिक्षकवर्ग बदलला. लबो पिट्सबर्गला आले ते बचावाचे प्रमुख म्हणून नव्हे, एक पायरी खाली. फक्त मागच्या फळीला शिकवण्याचं काम. प्रमुख डॉम केपर्स, लबोंपेक्षा बरेच लहान. लबोंची कल्पना आता दुसऱ्याच्या हाताखाली, दुसऱ्याच्या नावानं राबवली जात होती आणि गावाला लोक कौतुकानं ब्लिट्झबर्ग म्हणायला लागले होते. तीन वर्षांनी केपर्स दुसरीकडे मुख्य प्रशिक्षक झाले तेव्हा जागा लबोंना मिळाली. लगेच सुपर बोल, जानेवारी १९९६, डॅलसकडून हार.

मग ते सिनसिनाटीला परत गेले, आणि २००० साली, हंगामाचे तीन सामने हरल्यावर मुख्य प्रशिक्षकानं राजीनामा दिला तेव्हा ती खुर्ची लबोंना मिळाली. त्रेसष्टाव्या वर्षी, पहिल्यांदा.

जमलं नाही. बारा विजय, तेहतीस पराभव. शेवटच्या वर्षी, २००२ मध्ये, सोळापैकी दोन सामने जिंकले. तोवर त्या संघाचा इतका वाईट हंगाम कधी झाला नव्हता. त्यांना काढलं.

ही आकडेवारी मी अण्णांना जरा चाचरतच सांगितली. त्याला कारण आहे.

मी आठवीत असताना अण्णा दीड वर्ष शाळेचे प्रभारी मुख्याध्यापक होते. ज्येष्ठतेनं आले होते. गावात पेढे वाटले, आईला बायका "मुख्याध्यापकीणबाई" म्हणू लागल्या. पण अण्णांना ते काम येत नव्हतं. मुलगी म्हणून मी हे झाकणार नाही. पगारपत्रकं उशिरा जायची, तपासणीला माणसं आली की कागद सापडायचे नाहीत, शिक्षकांची भांडणं त्यांच्यासमोर यायची आणि ते दोघांचंही ऐकून घ्यायचे, निकाल द्यायचे नाहीत. दहावीचा निकाल घसरला. एका सोमवारी संस्थेनं त्यांना पदावरून मोकळं केलं. कुणाचं काय चुकलं याचा हिशेब मला तेव्हाही करता आला नाही आणि आता करायचा नाही.

मंगळवारी सकाळी प्रार्थनेला जाताना मी बघितलं, अण्णा मैदानावर होते. हातात फक्कीची बादली, गळ्यात शिट्टी. दोन मुलांना दोरी धरायला लावून कबड्डीच्या रेषा आखत होते. चढाईवाल्यानं ओलांडायचीच असते ती 'निदान रेषा' आखताना ते उलटे उलटे चालत होते आणि त्यांच्या पायांमागं पांढरी रेघ उमटत होती. माझ्या वर्गातलं कुणीतरी म्हणालं, "तुझ्या वडिलांना खुर्चीवरून खाली काढलं." मी वर्षभर मैदानाकडच्या बाजूनं शाळेत गेले नाही. मागच्या गेटानं जायचे. त्यांनी ते ओळखलं होतं की नाही, मला माहीत नाही. मी कधी विचारलं नाही. मला तेव्हा वाटायचं, त्यांनी बदली तरी मागून घ्यावी, रजेवर तरी जावं, निदान चार दिवस घरात तोंड लपवून बसावं. त्यांनी एक दिवसही घेतला नाही, हे मला त्यांचं सगळ्यात मोठं चुकलेलं पाऊल वाटत होतं.

तर पिट्सबर्गच्या त्या खोलीत, बाहेर बर्फ पडत असताना, मी म्हटलं, "बारा जिंकले, तेहतीस हरले. मग काढलं त्यांना."

"मग?"

"मग पुढच्याच हंगामात बफेलोला गेले. असिस्टंट म्हणून."

"मधे किती दिवस घरी होते?"

"काही आठवडे असतील."

अण्णांनी टेबलावरचा एक शेंगदाणा उचलला, त्याचं साल काढलं. बराच वेळ काही बोलले नाहीत. मग "पुढचं सांग" म्हणाले.

पुढचं असं. २००४ मध्ये लबो पिट्सबर्गला परत आले, बचावाचे प्रमुख म्हणून. सदुसष्टाव्या वर्षात पाऊल टाकलेलं. त्या वर्षी स्टीलर्स सोळापैकी पंधरा सामने जिंकले. मी त्याच वर्षी लग्न होऊन या गावात आले होते, आणि सगळं गाव पिवळे टॉवेल का फिरवतंय हे मला कळत नव्हतं. २००४ ते २०१२ या काळात पाच हंगामांत कमीत कमी यार्ड देणारा संघ पिट्सबर्गचा होता. ज्या वयात आपल्याकडे माणसाला देवळाच्या कट्ट्यावर बसायला सांगतात, त्या वयात या माणसाच्या हातून आयुष्यातलं सगळ्यात चांगलं काम झालं. मुख्य प्रशिक्षकाची ती तीन वर्षं मधे आली नसती तर हे झालं नसतं, असं मी म्हणणार नाही. अपयशातून काहीतरी मिळालंच पाहिजे असा माझा आग्रह नाही. ते दुसरं काम होतं. ते त्यांना जमलं नाही. हे काम त्यांचं होतं.

फेब्रुवारी २००६ मध्ये स्टीलर्सनी सिअ‍ॅटलला २१-१० नं हरवलं आणि लबोंना पहिली सुपर बोल अंगठी मिळाली. त्या वर्षीचा अंतिम सामना नेमका डेट्रॉइटमध्ये होता. चौदा वर्षं जिथं खेळून काही जिंकता आलं नाही त्या गावात, अडुसष्टाव्या वर्षी.

आणि पुढच्याच वर्षी मुख्य प्रशिक्षक बिल काउअर गेले. त्यांच्या जागी माइक टॉमलिन आले, चौतीस वर्षांचे. लबोंचं वय त्यांच्या दुपटीच्या पुढं. टॉमलिन स्वतः बचावातले, आणि त्यांची शाळा वेगळी. सगळ्यांना वाटलं आता म्हातारा जाणार. टॉमलिननी त्यांना ठेवलं आणि बचाव त्यांच्या हातात राहू दिला. मला यात टॉमलिनचंही मोठेपण दिसतं. चौतिशीत, पहिल्यांदा खुर्ची मिळालेली असताना, आपली विद्या बाजूला ठेवून दुसऱ्याच्या विद्येला जागा करून देणं किती जणांना जमेल?

खेळाडू लबोंना "कोच डॅड" म्हणायचे. दर वर्षी नाताळच्या सुमारास ते खेळाडूंना एक जुनी इंग्रजी बालकविता तोंडपाठ म्हणून दाखवत, आणि शंभर-सव्वाशे किलोची माणसं पोरांसारखी ऐकत बसत. २००७ च्या उन्हाळ्यात संघ कँटनला सामन्यासाठी गेला. तिथं फुटबॉलचं हॉल ऑफ फेम, म्हणजे थोर खेळाडूंचं सन्मानदालन, आहे. लबोंना तिथं अजून जागा मिळाली नव्हती. खेळाडू बसमधून उतरले ते डेट्रॉइट लायन्सची जुनी, ४४ क्रमांकाची जर्सी घालून. लबोंची जर्सी.

आता १ फेब्रुवारी २००९. टँपामधला सुपर बोल, समोर अ‍ॅरिझोना. बाळ दीड महिन्याचं. आई सुद्धा त्या दिवशी स्वयंपाकघर सोडून बसली होती.

पूर्वार्ध संपायला १८ सेकंद. आमचे १०, त्यांचे ७. अ‍ॅरिझोना आमच्या अगदी दाराशी, टचडाउन म्हणजे एक उडी. लबोंनी ब्लिट्झ सांगितला होता. जेम्स हॅरिसन कडेचा लाइनबॅकर. कुठल्याच संघानं निवड यादीत न घेतलेला, पुन्हा पुन्हा काढून टाकलेला, आणि त्याच वर्षी लीगचा सर्वोत्तम बचावपटू ठरलेला. त्यानं पुढं जायचं होतं. तो पुढं निघाल्यासारखा झाला आणि मागं सरकला. अ‍ॅरिझोनाच्या क्वार्टरबॅकनं, कर्ट वॉर्नरनं, अ‍ॅन्क्वान बोल्डिनकडे चेंडू सोडला. मधे हॅरिसन.

तो शंभर यार्ड पळाला. मैदानाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. घड्याळ शून्यावर गेलं तरी तो पळत होता, त्याचे दहा सोबती दोन्ही बाजूंनी वाट मोकळी करत होते, आणि शेवटच्या रेषेवर तो कोसळला तो तसाच पडून राहिला. आमच्या घरात सगळे उभे होते. टीव्हीवर समालोचक ओरडत होते, नवरा ओरडत होता.

अण्णा बसलेले. ते म्हणाले, "पहिलं पाऊल बघितलंस का त्याचं?"

मी नव्हतं बघितलं. मी चेंडू बघत होते. पुन्हा दाखवलं तेव्हा बघितलं. डावा खांदा पुढं, पाय पुढं, आणि मग ते मागं येणं. डोळ्याचं पातं लवायच्या आत. अण्णांच्या डोळ्यांत पाणी होतं. एका लाइनबॅकरच्या पावलानं रडावं असा माणूस तो नव्हे. मी तिकडे बघितलं नाही असं दाखवलं.

ती योजना लबोंनी तशीच सांगितली नव्हती, हे नंतर कळलं. हॅरिसननं मनानं केलं. मला ते आणखी आवडलं. पंचवीस वर्षं एक माणूस मागं सरकायला शिकवत होता. एका क्षणी एका पोरानं न सांगता ते केलं. (आणि हेही सांगायला हवं की चौथ्या भागात तोच बचाव फुटला. लॅरी फिट्झगेराल्ड ६४ यार्ड सुसाट निघून गेला आणि अ‍ॅरिझोना पुढं गेली. शेवटी ३५ सेकंद राहिले असताना सँटोनियो होम्सनं कोपऱ्यात टाचा उचलून झेल घेतला म्हणून आम्ही २७-२३ जिंकलो. लबोंच्या आयुष्यात सगळं नीट कधीच घडलं नाही.)

अण्णा-आई मेमध्ये परत गेले. जाताना अण्णांनी स्टीलर्सचा पिवळा टॉवेल नेला. तो त्यांच्या खुर्चीच्या पाठीवर असायचा.

२०१० च्या ऑगस्टमध्ये लबोंना हॉल ऑफ फेममध्ये घेतलं. खेळणं थांबवल्याला अडतीस वर्षं झाली होती. घेतलं ते खेळाडू म्हणून, त्या ६२ झेलांसाठी. प्रशिक्षकाचं काम त्यात धरलेलं नाही. त्यांच्याबरोबर डेट्रॉइटमध्ये खेळलेले नाइट ट्रेन लेन, येल लॅरी, लेम बार्नी कधीच तिथं पोचले होते. सरावशिबिर थांबवून स्टीलर्सचा सगळा संघ बसनं कँटनला आला आणि समोर बसला. त्याच दिवशी, त्याच मंचावर, त्याच तुकडीत जेरी राइसही होता. तोच, १९८९ चे २१५ यार्डवाला. मी हे फोनवर अण्णांना सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "दोघं शेजारी बसले होते का?" त्यांना नेहमी अशाच गोष्टी विचारायच्या असायच्या, ज्या कुठं लिहिलेल्या नसतात.

२०११ च्या सुपर बोलमध्ये स्टीलर्स ग्रीन बेकडून ३१-२५ नं हरले. ग्रीन बेचा बचाव डॉम केपर्स यांच्याकडे होता. लबोंची विद्या, समोरच्या बाजूनं. ते मला फार लागलं, पण त्याबद्दल लिहिण्यासारखं माझ्याकडे आज काही नाही.

जानेवारी २०१५ मध्ये लबोंनी पिट्सबर्ग सोडलं. त्या वर्षी बचाव कमी पडला होता, नव्या माणसांना जागा हवी होती. निवृत्ती हा शब्द मात्र त्यांनी उच्चारला नाही. सत्त्याहत्तर वर्षांचे होते. मी रविवारी अण्णांना फोन केला. त्यांना आता ऐकायला कमी येत होतं, मी मोठ्यानं बोलत होते.

"लबो सरांनी सोडलं इथलं."

"आं?"

"सोडलं म्हटलं, पिट्सबर्ग."

मागं आईनं टीव्हीचा आवाज कमी केला.

"आता कुठं?"

"टेनेसीला चाललेत. टायटन्स म्हणून संघ आहे."

"मुख्य म्हणून?"

"नाही. असिस्टंट."

"काम काय?"

"तेच. बचाव."

फोनवर थोडा वेळ काहीच नाही. मला त्यांच्या खुर्चीची करकर ऐकू आली.

"हं," अण्णा म्हणाले. "पोरीला दे जरा फोन."